वंध्य नरांची पिल्ले

पुण्यात पीएच.डी. पूर्ण करून मी जपानमधील एका विद्यापीठाच्या प्रजननशास्त्र प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा डीपीवाय१९एल२ हे जनुक क्रिस्पर या जनुक-कापणीच्या तंत्राने निकामी केलेल्या उंदरांची एक लाइन, म्हणजे तोच दोष पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वंश, माझ्याकडे सोपवण्यात आली. या लाइनमधील ज्या नरांत जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात, त्यांना पिल्ले होत नाहीत. हेच जनुक माणसातही आहे. ग्लोबोझूस्पर्मिया, म्हणजे जवळजवळ सर्वच शुक्राणूंची डोकी गोल असणे, हा पुरुषांमधील दुर्मीळ विकार आहे. त्यातील बऱ्याच रुग्णांमध्ये हे जनुक समूळ गळालेले असते, असे २०११ साली दोन संशोधनगटांनी दाखवून दिले आणि २०१२ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथील गटाने त्या दोषाच्या उंदराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. माझे काम त्याच्या पुढचे होते. अशा नराच्या विरूप शुक्राणूपासून निरोगी आणि स्वतःही प्रजननक्षम असलेले पिल्लू जन्माला घालायचे, आणि वाटेत नेमके काय काय अडते ते टप्प्याटप्प्याने नोंदवायचे. आमच्याकडे पुढे येणाऱ्या इतर वंध्य लाइन्ससाठी ही पद्धत हाताला बसलेली असणे आवश्यक होते, हेही एक कारण होते.

नर वंध्य आहे एवढे म्हणून काहीच कळत नाही, हे मला तिथे गेल्यावर खऱ्या अर्थाने उमगले. वृषणातच मुख्यत्वे काम करणारे एखादे जनुक काढून टाकले की नर वंध्य होणारच असे आपण सहज गृहीत धरतो. पण ओसाका विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली अशी ५४ जनुके एकेक करून निकामी केली आणि त्यांपैकी प्रत्येक बाबतीत नर प्रजननक्षमच राहिले. ज्या जनुकांवाचून खरोखर अडते, त्यांतही अडण्याची जागा वेगवेगळी असते. कॅटस्पर जनुक नसलेल्या नराचे शुक्राणू पोहतात, परंतु अंडपेशीच्या आवरणातून आत घुसण्यासाठी शेपटीचा जो जोरकस फटकारा लागतो तो त्यांना जमत नाही. इझुमो१ हे प्रथिन नसलेले शुक्राणू ते आवरणही पार करतात, अगदी अंडपेशीच्या पटलाला जाऊन भिडतात, आणि तरीही तिच्यात मिसळू शकत नाहीत. त्यामुळे उपाय ठरवण्याआधी अडथळा कोठे आहे हे शोधणे भाग असते, आणि या शोधात घाई केली तर पुढचे सगळे प्रयोग निरर्थक ठरतात.

आमच्या नरांपासून सुरुवात केली ती अगदी साध्या निरीक्षणाने. नर माद्यांसोबत ठेवले आणि रोज सकाळी माद्यांची तपासणी केली. समागमानंतर उंदराचे वीर्य घट्ट होऊन योनिमुखाशी पांढरट, किंचित पिवळसर अशी टणक गुठळी तयार होते. तिला आम्ही सगळे प्लग म्हणतो. प्लग नियमितपणे सापडत होते, म्हणजे नरांचे वर्तन, संप्रेरके आणि समागम यांत काही खोट नव्हती. माद्या मात्र गाभण राहत नव्हत्या. वृषणांचे वजन जवळपास सामान्य होते. मग अधिवृषणाच्या, म्हणजे वृषणालगतच्या शुक्राणू साठवणाऱ्या नलिकेच्या, शेपटाकडील भागातून शुक्राणू काढून काचपट्टीवर घेतले. उंदराच्या शुक्राणूचे डोके विळ्यासारखे वाकडे असते. एकदा पाहिले की विसरता येत नाही. माझ्यासमोरच्या काचपट्टीवर तसे डोके जवळजवळ दिसतच नव्हते. कुठे गोल, कुठे चेपलेले, आणि पुष्कळशा शेपट्या डोक्याभोवतीच गुंडाळलेल्या. शेंगदाण्यापासून मिळणारे एक लेक्टिन प्रथिन वापरून शुक्राणूच्या डोक्यावरील टोपीसारखी, अंडपेशीचे आवरण भेदायला मदत करणारी पिशवी, म्हणजे अ‍ॅक्रोसोम रंगवतात. सामान्य शुक्राणूत प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चंद्रकोर उजळते. आमच्या शुक्राणूंत ती चंद्रकोर नव्हती. डीपीवाय१९एल२ चे प्रथिन केंद्रकाच्या आतल्या पटलात बसून अ‍ॅक्रोसोमला केंद्रकाशी बांधून ठेवते. ते नसले की अ‍ॅक्रोसोम सुटून जातो आणि त्याबरोबर डोक्याला आकार देणारी घडणही कोलमडते. अ‍ॅक्रोसोमच नाही म्हटल्यावर नेहमीच्या आयव्हीएफचा, म्हणजे शुक्राणू आणि अंडपेशी एकाच थेंबात सोडून वाट पाहण्याचा, काही उपयोग होणार नव्हता. तो प्रयोगही आम्ही केला आणि अपेक्षेप्रमाणे फलन झाले नाही.

उरला मार्ग इक्सीचा: एका शुक्राणूचे डोके उचलून थेट अंडपेशीच्या आत सोडायचे. माणसातील पहिल्या यशस्वी इक्सीचे वृत्त १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून आले. उंदरात मात्र ही पद्धत विश्वासाने वापरता येण्यासाठी १९९५ साल उजाडावे लागले, कारण उंदराच्या अंडपेशीचे पटल अतिशय नाजूक असते आणि टोकदार सुईने भोसकले की पेशी बहुधा फुटूनच जाते. होनोलुलू येथील हवाई विद्यापीठात यासुयुकी किमुरा आणि र्युझो यानागिमाची यांनी टोकदार सुईऐवजी सपाट तोंडाची पायपेट घेतली आणि तिला पिएझो यंत्राची सूक्ष्म स्पंदने दिली. स्पंदनांनी आवरणाला छिद्र पडते आणि पटलही दाब न देता भेदले जाते. आज उंदरांच्या इक्सीत याच पद्धतीचा आधार घेतला जातो. माणसातील उपचार आधी आणि प्रयोगशाळेतील प्राण्यावरचे प्रभुत्व नंतर, हा उलटा क्रम मला आजही अस्वस्थ करतो; इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या उपचाराचा पाया घालण्याचे काम उपचार सुरू झाल्यानंतरही चालूच राहिले, ही गोष्ट सहज घेण्यासारखी नाही.

प्रत्यक्ष कामाची आखणी माद्यांच्या इंजेक्शनांपासून होते. आधी पीएमएसजी आणि सुमारे ४८ तासांनी एचसीजी ही संप्रेरके दिली की एका मादीपासून नैसर्गिक चक्राच्या मानाने पुष्कळ जास्त अंडपेशी मिळतात. एचसीजी संध्याकाळी द्यायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साधारण १४ तासांनी अंडवाहिनीचा फुगीर भाग पारदर्शक दिसू लागतो. त्या भागाला सुईच्या टोकाने चीर दिली की क्युम्युलस पेशींत गुंतलेला अंडपेशींचा पुंजका आपोआप बाहेर सरकतो. हायल्युरॉनिडेज या विकराच्या थेंबात काही मिनिटे ठेवल्यावर भोवतालच्या पेशी गळून पडतात आणि स्वच्छ, गोल अंडपेशी हाती लागतात. त्या धुऊन ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या आणि मग इंजेक्शनला बसायचे.

हे शिकवले आमच्या प्रयोगशाळेतील ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी. त्या फार कमी बोलत. माझ्या शेजारी बसून दुसऱ्या नेत्रिकेतून त्या पाहत, आणि एखाद्या हालचालीनंतर नुसते 'पुन्हा' एवढेच म्हणत. सामान्य नरांच्या शुक्राणूंवर माझा हात बसेपर्यंत त्यांनी मला वंध्य नरांच्या नमुन्याला हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच होते. अंडपेशी मरण्याचे कारण शुक्राणूत आहे की इंजेक्शन देणाऱ्याच्या हातात, हे एरवी वेगळे काढता आले नसते.

पेट्री डिशच्या झाकणात खनिज तेलाखाली लहान लहान थेंब मांडलेले असतात. पीव्हीपी या दाट रसायनाच्या चिकट थेंबात शुक्राणूची हालचाल मंदावते. पायपेटच्या तोंडाशी डोके आणि शेपटी यांचा सांधा आणून पिएझोचे स्पंदन दिले की डोके सुटे होते. उंदराच्या शुक्राणूची शेपटी फार लांब असल्याने बहुधा केवळ डोकेच आत सोडतात. अंडपेशी धरून ठेवणाऱ्या पायपेटवर ती अशी फिरवून घ्यायची की तिच्यातील गुणसूत्रे धरून ठेवणारा धाग्यांचा तर्कू, जो एका बाजूला स्वच्छ उंचवट्यासारखा दिसतो, सुईच्या वाटेत येणार नाही. आवरणाला छिद्र पाडायचे, त्यातून निघालेला तुकडा बाहेर टाकायचा, मग पायपेट आत ढकलायची. इथेच सगळे कसब आहे. पटल फाटत नाही, ते पायपेटबरोबर आत आत ताणले जाते, जवळजवळ समोरच्या भिंतीपर्यंत, आणि त्या क्षणी एकच हलके स्पंदन द्यायचे असते. पटल भेदले गेले की ताण एकदम सैल पडलेला दिसतो. डोके सोडायचे, सोबत गेलेले पीव्हीपी शक्य तितके परत ओढून घ्यायचे आणि पायपेट सावकाश बाहेर काढायची. सूक्ष्मदर्शकाचा मंच थंड, सुमारे १७ अंशांवर ठेवला तर अंडपेशी अधिक संख्येने जगतात. बाईंनी या एका गोष्टीबाबत कधीही तडजोड केली नाही.

वंध्य नरांच्या शुक्राणूंचे गोल डोके उचलणे हे काम मुळात अवघड नव्हते. ज्यांच्यात जनुकाची एकच प्रत निकामी आहे अशा त्यांच्याच भावांचे शुक्राणू आम्ही तुलनेसाठी बरोबर घेत होतो. भावांच्या शुक्राणूंनी अंडपेशी ठरल्याप्रमाणे जाग्या होत. पाच-सहा तासांत दुसरे ध्रुवीय पिंड (अंडपेशी जादा गुणसूत्रे ज्यात टाकून देते ती लहान पेशी) बाहेर पडलेले आणि दोन पूर्वकेंद्रके (एक मातेच्या आणि एक पित्याच्या गुणसूत्रांचे) तयार झालेली दिसत. गोल डोक्याच्या शुक्राणूंनी मात्र बहुतेक अंडपेशींत काहीच घडत नव्हते. पेशी जिवंत, शुक्राणू आत, आणि तरीही ती जणू वाटच पाहत राहिलेली. याचे कारण आधीच्या संशोधनामुळे आम्हाला ठाऊक होते. अंडपेशीला विभाजनाच्या वाटेवर आणणारा संकेत म्हणजे तिच्यातील कॅल्शियमच्या लाटा, आणि त्या सुरू करणारे पीएलसी-झीटा हे प्रथिन शुक्राणू आपल्याबरोबर आणतो. कार्डिफमधील संशोधकांनी २००२ साली ते शोधून काढले. अ‍ॅक्रोसोमबरोबर डोक्याची घडण बिघडलेल्या शुक्राणूंत त्याचीही वानवा असते. म्हणजे आवरण ओलांडून दिल्याने एकच अडचण दूर झाली होती. दुसरी आत गेल्यावर उभी होती.

त्यावर उपाय म्हणून इंजेक्शननंतर अंडपेशी कॅल्शियमरहित द्रावणात स्ट्रॉन्शियम क्लोराइडसह काही तास ठेवल्या. उंदराच्या अंडपेशीत स्ट्रॉन्शियममुळे कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि तिला शुक्राणूच्या प्रथिनाची गरज उरत नाही. दोन पेशींच्या भ्रूणांची संख्या स्पष्टपणे वाढली. पण या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. स्ट्रॉन्शियमने शुक्राणू नसलेली अंडपेशीही जागी होते आणि विभाजितही होते. असे केवळ मातेचे भ्रूण काही काळ वाढतात आणि गर्भावस्थेच्या मध्यापर्यंत मरतात, कारण पित्याकडून आणि मातेकडून येणाऱ्या काही जनुकांवरच्या खुणा वेगवेगळ्या असतात व दोन्हींची गरज असते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ते सिद्ध केले आहे. म्हणून आम्ही दोन पूर्वकेंद्रके, त्यांतील पित्याकडचे आकाराने मोठे, अशी खातरजमा झालेल्या अंडपेशीच पुढे नेल्या. खरा पुरावा जन्मलेले पिल्लूच.

दोन पेशींचे भ्रूण ज्या मादीत सोडायचे, तिचा समागम आदल्या रात्री नसबंदी केलेल्या नराशी घडवून आणलेला असतो. तिचे शरीर गर्भधारणेच्या तयारीला लागते, पण तिच्या स्वतःच्या अंडपेशी फलित झालेल्या नसतात. भूल देऊन पाठीच्या बाजूला लहान छेद घ्यायचा, अंडाशयालगतची चरबी धरून अंडवाहिनी बाहेर आणायची आणि काचेच्या बारीक नळीतून भ्रूण आत सोडायचे. मागे ठेवलेला हवेचा बुडबुडा अंडवाहिनीत गेलेला दिसला की भ्रूण पोहोचले असे समजायचे. हे काम मला इंजेक्शनपेक्षा सोपे वाटले. वाट पाहणे मात्र सोपे नव्हते.

पिल्ले जन्मली. भावांच्या शुक्राणूंपासून झालेल्या पिल्लांपेक्षा ती संख्येने कमी होती, आणि याचेही कारण आहे: या गोल शुक्राणूंत डीएनए घट्ट बांधण्याची प्रक्रिया अपुरी राहते आणि डीएनएला इजा झालेली असते, असे या उंदरांवरील आधीच्या अभ्यासात दिसून आले आहे. अंडपेशी त्यातले काही दुरुस्त करते, सगळे नाही. तरीही जी पिल्ले जन्मली ती धडधाकट होती. दूध पाजणाऱ्या मादीने त्यांना स्वीकारले की नाही ते पाहायला मी पुन्हा पुन्हा जात होते. नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटातले दूध बाहेरून पांढऱ्या पट्ट्यासारखे दिसते. सगळ्यांच्या पोटात तो पट्टा दिसला तेव्हा मी बाईंना बोलावून आणले. त्या वाकून बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्या माद्या आणि नर यात खर्ची पडले त्यांचा विसर मला पडू नये, असे मनापासून वाटते. जपानी विद्यापीठांत प्रयोगात गेलेल्या प्राण्यांसाठी दरवर्षी श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. त्या वर्षी मी तिथे फूल वाहिले, ते रीत म्हणून नव्हे.

पिल्लांच्या शेपटीच्या टोकापासून डीएनए काढून पीसीआर केले. जेलवर प्रत्येकाच्या रांगेत दोन पट्टे उमटले, एक मातेकडून आलेल्या शाबूत प्रतीचा आणि एक पित्याकडून आलेल्या तुटक्या प्रतीचा. अंडपेशी निरोगी मादीच्या असल्याने तसे होणे अपेक्षितच होते. त्यातील नर वयात आल्यावर माद्यांसोबत ठेवले, आणि त्यांना कोणत्याही साहाय्याविना पिल्ले झाली. विकार अप्रभावी असल्याने एक शाबूत प्रत पुरते. परंतु हीच अंडपेशी एक प्रत निकामी असलेल्या मादीची असती, तर जवळपास निम्म्या पिल्लांत दोन्ही प्रती निकामी आल्या असत्या आणि त्यांतील नर पित्याप्रमाणेच वंध्य निघाले असते. इक्सीने जनुक बदलत नाही. ते फक्त एका पिढीपुरते त्या जनुकाचे काम आपल्या हाताने करून देते.

त्याच सुमारास साताऱ्याजवळच्या आमच्या गावाहून आतेभावाचा फोन आला. लग्नाला बरीच वर्षे झालेली, वीर्यात शुक्राणूच नाहीत असा अहवाल नुकताच हाती आलेला. त्याच्या परवानगीने हे लिहिते आहे. त्याआधी त्याच्या बायकोच्या सगळ्या तपासण्या, औषधे आणि उपासतापास होऊन गेले होते. त्याची पहिली तपासणी सर्वांत शेवटी झाली, आणि या गोष्टीचा मला आजही राग येतो. "ताई, तू उंदरांना पिल्लं होऊ देतेस, मग माझं का नाही होणार?" असे त्याने विचारले. मी त्याला जे सांगितले ते असे. उंदरात जमते ते जसेच्या तसे माणसाला लागू होत नाही. उंदराच्या भ्रूणाला पेशीविभाजनासाठी लागणारे सेंट्रोसोम मातेकडून मिळते, त्यामुळे उंदराच्या शुक्राणूचे नुसते डोकेही पुरते. माणसात ते शुक्राणूच्या मानेतून येते. स्ट्रॉन्शियमही माणसाच्या अंडपेशीवर भरवशाने काम करत नाही, तिथे कॅल्शियम आयनोफोर वापरतात. म्हणून आधी गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्रावरील सूक्ष्म तुटींची तपासणी करून घे, कोणत्याही मोठ्या खर्चाच्या आधी. वाय गुणसूत्राच्या एझेडएफ-सी भागात तूट असेल तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची बरीच आशा असते, पण झालेल्या मुलाकडे तीच तूट जाणार; एझेडएफ-ए भाग संपूर्ण गळालेला असेल तर शस्त्रक्रिया करून काही हाती लागत नाही. तो सगळे ऐकून म्हणाला, "म्हणजे आधी माझी तपासणी. हे इतकी वर्षं कुणी बोललंच नाही." तपासण्या त्याने करून घेतल्या, त्यांचे निष्कर्ष हा त्याचा खासगी विषय आहे.

आता माझ्याकडे दुसरी लाइन आहे, जिच्या नरांत शुक्राणूची घडण गोल स्पर्माटिडच्या अवस्थेतच थांबते. शेपटी नाही, डोक्याला आकार नाही. इथे त्या अपक्व पेशीचेच केंद्रक वापरावे लागते, त्याला रोसी म्हणतात. उंदरात गोल स्पर्माटिडपासून पहिली पिल्ले १९९४ साली जन्मल्याची नोंद आहे, आणि २०१४ मध्ये हवाई विद्यापीठातील मोनिका वॉर्ड यांच्या गटाने ही पद्धत वापरून दाखवले की संपूर्ण वाय गुणसूत्राऐवजी केवळ एसआरवाय आणि ईआयएफ२एस३वाय ही दोन जनुके असलेल्या नरालाही पिल्ले होऊ शकतात. स्पर्माटिड अंडपेशीला स्वतः जागे करू शकत नाही, म्हणून स्ट्रॉन्शियमची मात्रा आणि इंजेक्शनची वेळ यांचा मेळ बसवणे हेच सध्याचे मुख्य काम आहे. वृषणातील पेशींच्या गर्दीतून मधोमध एक ठळक ठिपका असलेले गोल केंद्रक ओळखायला मी आता शिकले आहे. जन्माचे प्रमाण इक्सीपेक्षा बरेच कमी आहे, आणि ते कशामुळे कमी राहते, पित्याच्या डीएनएवरील खुणा अपुऱ्या असल्यामुळे की बांधणी वेगळी असल्यामुळे, ते तपासण्यासाठी आम्ही एकपेशीय अवस्थेतील भ्रूण वेगवेगळ्या तासांना रंगवून पाहत आहोत.